वस्ती शांत, वाट लांब

दिल्लीला बदली झालेल्या मराठी कुटुंबाचे पहिले काही आठवडे घर शोधण्यात जातात, आणि हे शोधणं बहुधा रविवारी सकाळी होतं. प्रॉपर्टी डीलर गाडीत बसवून नोएडाच्या एखाद्या सेक्टरमध्ये, द्वारकेत किंवा गुडगावच्या डीएलएफ फेज वनमध्ये घेऊन जातो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कडुनिंब आणि सातवीण, मध्ये लोखंडी जाळीचं पार्क, गेटवर गार्ड, सायकली फिरवणारी लहान मुलं. घराला दोन बाल्कन्या आणि मागे मोलकरणीसाठी वेगळं दार. पुण्यात किंवा ठाण्यात एवढ्या भाड्यात एवढं मोकळं घर मिळायचं नाही, हे नवराबायको दोघांनाही लगेच कळतं आणि तिथल्या तिथे टोकन दिलं जातं. पण रविवारी अकरा वाजता दिल्ली परिसरातली जवळजवळ प्रत्येक वस्ती शांतच असते. तिची खरी ओळख पटते ती सोमवारी सकाळी साडेआठला, नोव्हेंबरातल्या पहाटे आणि रात्री नऊनंतर.

ओळखीच्या माणसांसोबत अशी बरीच घरं मी पाहिली आहेत. अनेकांना हिरव्या वस्तीत सुखाने राहताना पाहिलं, काहींना वर्षभरात सामान बांधताना. दाट सावलीची, मुलांना मोकळं सोडता येईल अशी वस्ती मोलाची असते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मात्र ती आपोआप मिळत नाही. कुणीतरी ठरवून तिथे घरं विरळ ठेवलेली असतात, कुणीतरी रोज झाडांना पाणी घालत असतं आणि कुणीतरी रोज जास्तीचं अंतर कापत असतं. घर घ्यायच्या आधी आपल्या कुटुंबापुरता एवढाच प्रश्न विचारायचा: ते अंतर कोण कापणार आहे?

आधी या हिरवाईचं मूळ पाहू. दिल्लीचा वार्षिक पाऊस साधारण पुण्याइतकाच आहे, पण त्यातला बहुतेक जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत पडून जातो. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. अरवलीच्या शेवटच्या टोकावरचं हे मूळचं काटेरी झुडपांचं रान. नवी दिल्ली वसवताना वास्तुकार ल्युटेन्सच्या आराखड्याला झाडांची जोड देण्याचं काम डब्ल्यू. आर. मस्टो या उद्यानतज्ज्ञाकडे होतं. जांभूळ, कडुनिंब, अर्जुन, चिंच अशी मोजकी, सावली देणारी झाडं निवडून ती एकेका रस्त्याला नेमून दिली गेली. १९३१ मध्ये राजधानीचं उद्घाटन झालं तेव्हा ही रोपंच होती. आज पावसाळ्याच्या तोंडावर तिथल्या रस्त्यांवर जांभळं विकणारे बसतात, ती त्या वेळच्या निवडीची फळं. २०२३ च्या वन सर्वेक्षण अहवालानुसार दिल्लीच्या सुमारे २५ टक्के क्षेत्रावर वनं आणि वृक्षांचं आच्छादन आहे. एवढ्या मोठ्या शहरासाठी हा आकडा चांगला आहे, पण ही सावली सगळ्या वस्त्यांना सारखी मिळालेली नाही. सरकारी बंगले, लष्करी छावणी आणि आखीव वसाहती यांना ती भरपूर मिळाली. सीलमपूर, संगम विहारसारख्या दाटीवाटीच्या वस्त्यांच्या वाट्याला अगदी थोडी आली.

नव्याने आलेल्या माणसाला इथल्या झाडांचं वेळापत्रक सुरुवातीला चकवतं. कडुनिंबाची पानगळ इथे मार्चमध्ये होते. फाल्गुनात रस्ते पिवळ्या पानांनी भरतात आणि एप्रिलअखेर, ऊन कडक होईपर्यंत, झाड पुन्हा गच्च होतं. लागवडीसाठी ही जात निवडण्यामागे शहाणपण होतं, कारण मे-जूनमध्ये सावली हवी तेव्हा ती हजर असते. अशा झाडाखालचा रस्ता उघड्या डांबरी रस्त्यापेक्षा थंड राहण्याला दोन कारणं आहेत. पानं ऊन जमिनीपर्यंत पोचू देत नाहीत, आणि मुळांनी ओढलेलं पाणी पानांतून वाफ होऊन बाहेर पडताना भोवतीची उष्णता शोषून घेतं. दुसऱ्या क्रियेला मात्र जमिनीत पाणी लागतं. फुटपाथवर फरश्या बसवताना बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलं की ती खुंटते. म्हणूनच राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आदेश दिला. घर बघायला गेलात तर आधी बुंधे बघा. सिमेंटमध्ये गळ्यापर्यंत गाडलेली झाडं दिसली, तर ती वस्ती जुन्या पुण्याईवर हिरवी आहे आणि वादळात एकेक झाड कोसळत जाणार आहे असं समजावं.

झाडांकडून एक अपेक्षा मात्र ठेवू नये, आणि दिल्लीतली बहुतेक माणसं तीच ठेवतात. झाडं इथली हवा शुद्ध करू शकत नाहीत. पानांवर थोडी धूळ बसते, बारीक कणांचा अगदी छोटा हिस्सा अडतो, पण त्या कणांचं प्रमाणच अफाट आहे. पीएम २.५ कणांची वर्षभराची सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. भारताचं स्वतःचं मानक ४० आहे आणि दिल्लीची सरासरी शंभराच्या आसपास राहते. थंडीत याला हवामानाची साथ मिळते. रात्री जमीन झपाट्याने गार होते, तिला लागून असलेली हवा थंड आणि जड होऊन तळाशीच बसते आणि वरची तुलनेने उबदार हवा तिला वर जाऊ देत नाही. दिवसा धूर जितक्या उंचीपर्यंत मिसळतो त्याच्या लहानशा हिस्स्यात रात्रभराचा सगळा धूर कोंडून राहतो. ऊन वर येईपर्यंत हे झाकण उठत नाही. त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पहाटे साडेपाच-सहाला पार्कात फिरणं म्हणजे दिवसातली सर्वांत वाईट हवा मुद्दाम खोल श्वासाने आत घेणं. साताऱ्या-सांगलीहून मुलाकडे आलेले आजोबा आयुष्यभराच्या सवयीने पहाटे उठतात, मफलर गुंडाळून कडुनिंबाखाली फेऱ्या मारतात, आणि त्यांना वाटतं की एवढी झाडं आहेत म्हणजे इथली हवा चांगलीच असणार. हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की प्रत्येक वेळी पोटतिडकीने सांगावंसं वाटतं: थंडीत फिरायची वेळ दुपारी दोन-तीनची ठेवा. त्या काळात उन्हात बाकावर बसणं हेच इथलं खरं सुख आहे.

आता वस्तीच्या रचनेकडे येऊ. दिल्ली परिसरातल्या आखीव वसाहतींच्या मुळाशी एक अमेरिकन कल्पना आहे. क्लॅरेन्स पेरी या नियोजकाने १९२९ मध्ये ‘नेबरहूड युनिट’ची, म्हणजे शेजार-घटकाची, मांडणी केली. एका प्राथमिक शाळेला पुरतील इतकी पाच-सहा हजार माणसं, शाळा मध्यभागी, मूल चालत पोचेल इतक्या अंतरावर घरं, वाहतुकीचे मोठे रस्ते वस्तीच्या कडेने आणि दुकानं कोपऱ्यांवर. १९५७ मध्ये दिल्ली विकास प्राधिकरण स्थापन झालं. त्याच सुमारास फोर्ड फाउंडेशनचा नियोजकांचा गट अल्बर्ट मेयर यांच्यासह दिल्लीत आला आणि १९६२ च्या महायोजनेत ही कल्पना उतरली. नोएडाचे सेक्टर, द्वारकेचे सेक्टर, गुडगावचे फेज ही सगळी तिचीच पुढची पिढी.

या कल्पनेत एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली होती: एक प्रौढ माणूस दिवसभर घरी असणार, आणि ती बाई असणार. शाळा चालण्याच्या अंतरावर, भाजी कोपऱ्यावर, पार्क समोर, ही सगळी सोय तिच्या दिवसाची होती. नोकरी मात्र वस्तीच्या बाहेर, मोठ्या रस्त्याच्या पलीकडे, नवऱ्याच्या वाट्याला. दोघंही नोकरी करणारं जोडपं आज अशा सेक्टरमध्ये राहायला येतं तेव्हा ही जुनी विभागणी दुसऱ्या रूपाने परत येते. मुलाची बस दुपारी दोनला येते, पाळणाघर दूर असतं, कामवाली गावी गेलेली असते. मग कुणीतरी नोकरी ‘ॲडजस्ट’ करतं, आणि ते कुणी करायचं याची चर्चा फार वेळ चालत नाही. मराठी घरांतल्या चांगल्या शिकलेल्या, कमावत्या बायकांनी इथे येऊन दोन वर्षांत नोकरी सोडल्याची उदाहरणं मला माहीत आहेत. बदली नवऱ्याची झाली होती हे एक कारण असेलही. पण दुसरं, न बोललेलं कारण घराचा पत्ता होता.

झाडं आणि जवळीक या दोन गोष्टी एकत्र असू शकत नाहीत असं मुळीच नाही. याच शहरात त्या एकत्र होत्या. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या मंत्रिमंडळात बांधकाम, खाणी आणि वीज खातं पुण्याचे न. वि. तथा काकासाहेब गाडगीळ यांच्याकडे होतं. त्या काळी केंद्र सरकारचे कर्मचारी वाढत होते आणि राहायला जागा नव्हती. त्यानंतरच्या वर्षांत सफदरजंगजवळ सरकारी क्वार्टर्सच्या वसाहती उभ्या राहिल्या. हा परिसर विनयनगर म्हणून ओळखला जाई. पुढे सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर, लक्ष्मीबाईनगर ही नावं रूढ झाली. साठच्या दशकात रामकृष्णपुरम वसलं. इथे मराठी कारकून, सेक्शन ऑफिसर, स्टेनो यांची कितीतरी कुटुंबं राहून गेली. घरं लहान होती, पण दुमजली चाळवजा इमारती मोकळ्या चौकाभोवती रचलेल्या होत्या. चौकात मैदान, मागच्या गल्लीत दोरीवर वाळणारे कपडे, दारात लावलेला शेवगा. शाळा पायी, बाजार पायी, सफदरजंग रुग्णालय जवळ, आणि सचिवालयाकडे सकाळी सायकलींची रांग लागे. दारातल्या झाडांना पाणी राहणाऱ्यांनीच घातलं, म्हणून ती वाढली. घर पगाराच्या श्रेणीप्रमाणे मिळे आणि निवृत्तीनंतर सोडावं लागे, ही त्यातली खरी टोचणी. तीस वर्षं राहिलेल्या माणसाला काही महिन्यांत जागा रिकामी करायची आणि मग लांबच्या कुठल्यातरी सोसायटीत किंवा परत गावी जायचं. पण राहण्याची वर्षं सावलीची होती आणि गाडीशिवाय निभणारी होती.

या वसाहतींचं पुढे काय झालं ते सांगितलंच पाहिजे. जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतल्या अशा सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. १२,९७० जुन्या घरांच्या जागी सुमारे २५,६६७ नवी घरं, खर्च ३२,८३५ कोटी. त्यातला पैसा काही भागात व्यापारी जागा विकून उभा करायचा होता आणि नौरोजीनगर त्यासाठी राखलं गेलं. घरांची गरज खरी होती, आणि जुन्या इमारती मोडकळीला आल्या होत्या हेही खरं. पण या कामांसाठी चौदा हजारांहून अधिक झाडं जाणार हे जून २०१८ मध्ये लोकांपुढे आलं, तेव्हा सरोजिनीनगरात माणसं झाडांना मिठी मारून उभी राहिली. एका डॉक्टरांच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने तोड थांबवली, आराखडे काही प्रमाणात बदलले गेले आणि पुढे बांधकाम चालू राहिलं. दिल्लीत तोडलेल्या एका झाडामागे दहा रोपं लावण्याचा नियम आहे. ती रोपं बहुधा शहराच्या कडेला, जिथे जागा मिळेल तिथे लावली जातात. साठ वर्षांच्या कडुनिंबाखाली शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या मुलाला त्या दहा रोपांचा काय उपयोग? जवळ आणि हिरवी अशी जी थोडी जागा शहराकडे होती ती दाट झाली आणि हिरवाई शोधणारी कुटुंबं आणखी बाहेर गेली. माझ्या मते या शहराचं गेल्या दहा वर्षांतलं हे सर्वांत मोठं नुकसान आहे.

बाहेर म्हणजे यमुनेपलीकडे किंवा हरियाणात. नोएडाची स्थापना १७ एप्रिल १९७६ ची, आणीबाणीच्या काळातली. सुरुवात कारखान्यांसाठी झाली, पण जमीन सपाट आणि आखणी सलग असल्याने राहण्याचे सेक्टर चांगले बनले. त्यातलं अरुण विहार मला फार आवडतं. सेक्टर २८, २९ आणि ३७ मध्ये पसरलेल्या या लष्करी कुटुंबांच्या वसाहतीला परमवीरचक्र विजेते सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचं नाव आहे. ते पुण्यात जन्मले, पूना हॉर्स रेजिमेंटमध्ये होते आणि १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत, एकविसाव्या वर्षी, धारातीर्थी पडले. त्यांच्या नावाच्या या वसाहतीत घरं बसकी, झाडं उंच, रस्ते स्वच्छ. सेक्टर २९ चं ब्रह्मपुत्रा मार्केट पायी गाठता येतं आणि सेक्टर ३७ च्या बाजूला बोटॅनिकल गार्डनचं मेट्रो स्थानक आहे. तिथे ब्लू लाइन आणि २०१७ मध्ये सुरू झालेली मजेंटा लाइन दोन्ही मिळतात. राखी धनेशाची जोडी पिंपळावर फळं खाताना इथे सहज दिसते. पिंपळ, वड, उंबर असले की धनेश येतो. जुनी, पोकळ ढोलीची झाडं राहू दिली तरच तो अंडी घालतो, त्यामुळे त्याचं दिसणं हे वस्तीने म्हातारी झाडं सांभाळल्याचं लक्षण आहे. इथल्या कुटुंबांचा प्रश्न वेगळा आहे. अनेकांची मुलं परदेशी किंवा बंगळूर-पुण्याला गेली आहेत आणि दोन माणसं चार खोल्या सांभाळत आहेत. कुटुंबांसाठी उभारलेली वसाहत एका पिढीत निवृत्तांची होते. नव्या तरुण जोडप्याला तिथे शेजार प्रेमळ मिळतो, पण त्यांच्या मुलाला खेळायला सोबती मिळेल याची खात्री नसते.

गुडगावची गोष्ट निराळी. हरियाणाने १९७५ मध्ये कायदा करून खासगी विकासकांना परवाने द्यायला सुरुवात केली. दिल्लीत साउथ एक्स्टेन्शन, ग्रेटर कैलाससारख्या वसाहती पाडलेल्या डीएलएफने पुढे तिकडे जमिनी घेतल्या. रस्ते, झाडं, गेट कंपनीने केले, शहराचा सांगाडा मागे राहिला. गुडगावला महानगरपालिकाच २००८ मध्ये आली. त्यामुळे कॉलनीच्या गेटच्या आत सुबकपणा आणि गेटबाहेर तुंबलेलं पाणी हे दृश्य तिथल्या प्रत्येक पावसाळ्यात असतं. शिवाय प्लॉटवरची बैठी घरं पाडून चारमजली ‘बिल्डर फ्लोअर’ बांधायची लाट दिल्लीत आणि गुडगावात दोन्हीकडे आहे. जिथे एका कुटुंबाच्या दोन गाड्या होत्या तिथे आठ उभ्या राहतात, आणि आठवी गाडी झाडाच्या आळ्यात चढते. हरियाणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये चार मजल्यांची परवानगी थांबवली आणि जुलै २०२४ मध्ये अटी घालून पुन्हा दिली. शांत गल्ली बघून घर घेताना शेजारच्या तीन-चार प्लॉटवर अजून जुनी बैठी घरं आहेत का ते मोजा. जितकी जुनी घरं, तितकी वर्षं तुमच्या खिडकीबाहेर ग्राइंडर चालणार.

प्रत्येक सेक्टरच्या मागे एक गाव असतं, ते डीलर दाखवत नाही. शेतजमीन सरकारने संपादित केली किंवा विकासकांनी विकत घेतली आणि घरांची गावठाणं मध्येच राहिली. दिल्लीत त्या हद्दीला ‘लाल डोरा’ म्हणतात. बांधकामाचे नियम तिथे सैल राहिल्याने गावात पाच-सहा मजली खोल्यांच्या इमारती झाल्या. रामकृष्णपुरमला मुनिरका, वसंतकुंजला किशनगढ, गुडगावच्या फेजना नाथूपूर आणि चक्करपूर, नोएडाला अट्टा, छलेरा, निठारी. सेक्टरचे गार्ड, कामवाल्या, इस्त्रीवाले, भाजीवाले इथे भाड्याच्या खोल्यांत राहतात. सेक्टरची शांतता त्यांच्या श्रमावर चालते आणि त्यांची मुलं सेक्टरच्या पार्कात मात्र हाकलली जातात. निठारीतली लहान मुलं बेपत्ता होत होती तेव्हा आईबापांच्या तक्रारींकडे कुणी लक्ष दिलं नाही. डिसेंबर २००६ मध्ये सेक्टर ३१ मधल्या एका बंगल्यामागच्या नाल्यात अवशेष सापडले तेव्हा देश हादरला. सुरक्षित वस्ती कुणासाठी सुरक्षित, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनातून गेलेला नाही. म्हणून घर बघताना त्या गावातूनही एक चक्कर मारावी. तुमच्या घरी रोज येणारी बाई कुठून, कोणत्या रस्त्याने येते, तिला गेटवर कशी वागणूक मिळते, हे पाहिलं की वस्तीचा स्वभाव कळतो.

पार्काचा स्वभावही वाचून घ्यावा, आणि तो अक्षरशः वाचता येतो. फाटकाशी निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत नियम लिहिलेले असतात: कुत्रे आणू नयेत, फुलं तोडू नयेत, हिरवळीवर चालू नये आणि क्रिकेट खेळू नये. शेवटची ओळ असेल तर दहा वर्षांवरच्या मुलांना त्या वस्तीत जागा नाही असं समजायचं. पाच वर्षांच्या मुलीला हे पार्क स्वर्गासारखं असतं. चौदा वर्षांच्या मुलाला तिथे बसायलाही कुणी देत नाही. त्याला मैदान, पुस्तकांचं दुकान, मित्राचं घर, क्लास हे सगळं आईबापांच्या गाडीने गाठावं लागतं. मुलीचं तर त्याहून कठीण. रात्री अंधारात मेट्रो स्थानकापासून घरापर्यंतचा शेवटचा किलोमीटर हीच तिच्या स्वातंत्र्याची सीमा होते. हिरव्या सेक्टरांत रस्त्याचे दिवे वाढलेल्या फांद्यांच्या वर असतात, प्रकाश पानांवर पडतो आणि रस्ता काळोखात राहतो. दुकानं फक्त कोपऱ्याच्या मार्केटात, त्यामुळे आतल्या रस्त्यावर नऊनंतर कुणी नसतं. रस्त्यावर सतत माणसांची नजर असणं हीच खरी सुरक्षितता, असं शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्स यांनी १९६१ मध्ये आपल्या पुस्तकात मांडलं होतं. दादरच्या किंवा सदाशिव पेठेच्या गल्लीत वाढलेल्या बाईला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. इथल्या सेक्टरमध्ये पहिल्याच आठवड्यात तिला त्या नजरांची उणीव जाणवते.

राज्यांच्या सीमा हा दिल्ली परिसराचा आणखी एक फार व्यवहारी विषय. दिल्ली आणि नोएडा जोडणारा डीएनडी पूल २००१ मध्ये झाला, त्याचा टोल २०१६ मध्ये उठला, तरी यमुना ओलांडली की राज्य बदलतं. दिल्लीचा रिक्षावाला “बॉर्डर पार नहीं जाऊँगा” म्हणतो. शाळेचं गणित तर याहून गंभीर. दिल्लीतल्या खासगी शाळांच्या नर्सरी प्रवेशात घर-शाळा अंतराला बहुतेक ठिकाणी सर्वाधिक गुण असतात, म्हणजे पत्ता ठरला की शाळा जवळजवळ ठरली. आणि बारावी कुठून केली याला पुढे फार किंमत येते. दिल्ली तंत्रज्ञान विद्यापीठासारख्या दिल्ली सरकारच्या संस्थांत ८५ टक्के जागा दिल्लीतल्या शाळेतून बारावी झालेल्यांसाठी असतात. नोएडाच्या छान सेक्टरात, छान शाळेत बारावी केलेला मुलगा त्या यादीत बसत नाही. अकरावीत मुलगा असताना दिल्लीतून नोएडाला घर हलवणाऱ्या आईबापांनी शाळा हलवायच्या आधी शंभर वेळा विचार करावा.

मराठी शेजार हवा असेल तर अपेक्षा माफक ठेवा. जुनी मराठी वस्ती पहाडगंज, करोलबागेत होती. नूतन मराठी शाळा आणि बृहन्महाराष्ट्र भवन पहाडगंजातच आहेत. हिरवे सेक्टर तिथून लांब, तरी ब्लू लाइनने द्वारका आणि नोएडा दोन्हीकडून रामकृष्ण आश्रम मार्ग स्थानकाला गाडी न बदलता पोचता येतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियमवर ९८ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. घरापासून लांब असली तरी आपली माणसं या शहरात किती आहेत, हे तिथे दिसलं.

माझा कौल विचाराल तर असा. मूल दहाच्या आतलं असेल आणि घरातलं एक माणूस दुपारी घरी असणार असेल, तर अशा वस्तीसारखं सुख नाही, बेधडक जा. दोघांच्या नोकऱ्या असतील तर मेट्रो स्थानकापासून पायी दहा मिनिटांतलं घर बघा, मग झाडं चार कमी असली तरी चालतील. द्वारका ब्लू लाइनला २००५ च्या अखेरीस जोडली गेली. स्थानकाजवळच्या तिथल्या सहकारी सोसायट्या या हिशेबात चांगल्या बसतात, फक्त उन्हाळ्यात टँकर किती येतात ते सोसायटीच्या ऑफिसात नव्हे, गार्डला विचारा. नोएडात नळाला गंगेचं पाणी किती आणि बोअरचं किती हे विचारा, जड पाण्याने गिझर वर्षात बसतो. मुलं किशोरवयीन असतील तर मला विरळ सेक्टरपेक्षा मयूर विहार किंवा पटपडगंजच्या सोसायट्या बऱ्या वाटतात: झाडं आहेत, दुकानं खाली आहेत, रस्त्यावर रात्री माणसं आहेत. आईवडील सोबत असतील तर तळमजला, जवळ दवाखाना आणि समोर ऊन येणारा बाक.

आणि पहिल्या वर्षी विकत घेऊ नका. भाड्याने राहा. एप्रिलमध्ये सुरू झालेल्या अकरा महिन्यांच्या करारात मे आणि नोव्हेंबर दोन्ही येतात. एकात पाणी आणि वीज कळते, दुसऱ्यात हवा. मधल्या जुलैत गल्लीत पाणी किती वेळ उभं राहतं तेही बघून ठेवा.